मंद अतिनवतारे आणि नारळीकरांची धूळ

ठाण्याचा अक्षांश उत्तर १९.२ अंश. फेब्रुवारी १९८७मध्ये हाच आकडा इथल्या आकाशप्रेमींच्या आड आला. त्या महिन्याच्या २४ तारखेला चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयान शेल्टन यांना मोठ्या मॅगेलन मेघात एक नवा तारा दिसला. १६०४नंतर माणसाने पाहिलेला तो सर्वांत तेजस्वी अतिनवतारा, म्हणजे स्फोट झालेला तारा. हॅलेच्या धूमकेतूने वर्षभरापूर्वीच महाराष्ट्रात आकाशवेड जागवले होते, दुर्बिणी हाती आल्या होत्या, मंडळे उभी राहत होती. पण हा तारा खगोलाच्या दक्षिण ध्रुवाच्या इतका जवळ होता की ठाण्याहून तो क्षितिजावर फार तर दीड अंश चढे. तेवढ्यात डोंगर, धुरकट हवा आणि मुंबईचे दिवे. ज्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी तो तारा आला आणि इथल्या लोकांना वर्तमानपत्रात वाचावा लागला.

सत्तावीस वर्षांनी उत्तरेकडून भरपाई झाली. २१ जानेवारी २०१४च्या संध्याकाळी लंडनमधल्या विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण चालवायला शिकवत होते. ढग दाटत होते, म्हणून त्यांनी सप्तर्षी मंडळातली एम ८२ ही ठळक दीर्घिका घाईने लावली. तिच्यात एक आगंतुक तारा होता. त्याचे नाव पुढे एसएन २०१४जे झाले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो ऐन तेजात असताना मध्यरात्रीनंतर ठाणे जिल्ह्यातल्या वांगणीच्या आकाशात उत्तरेला जवळपास ४० अंश उंच येई. बदलापूरच्या पुढच्या या स्थानकाजवळ खगोल मंडळ या संस्थेची रात्रभराची आकाशदर्शने होत आली आहेत. लोकलने आलेल्या डोंबिवली-कल्याणच्या कितीतरी मुलांनी आकाशगंगेचा पट्टा पहिल्यांदा तिथेच पाहिला.

एसएन २०१४जे साडेदहाव्या प्रतीपर्यंत पोचला (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). म्हणजे तो बघायला बऱ्यापैकी दुर्बीण हवी. वाटेत काही नसते, तर तो साडेआठव्या प्रतीचा झाला असता आणि साध्या द्विनेत्रीतून दिसला असता. त्याच्या दृश्य प्रकाशाच्या सहा हिश्शांपैकी पाच हिस्से एम ८२मधल्या धुळीने वाटेतच अडवले होते. ती दीर्घिका आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिथली धूळ किती, तिचे कण केवढे, हे इथे बसून सांगता येते. हे शास्त्र कसे घडले, याच्या इतिहासात एक मोठे प्रकरण जयंत नारळीकर या मराठी माणसाचे आहे. नारळीकरांच्या विज्ञानकथा घरोघरी वाचणाऱ्या आपल्या समाजात ते फारच थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

सुरुवात १९३०पासून करावी लागते. त्याआधी खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांमधली जागा रिकामी धरून चालत. विल्यम हर्शेलना आकाशात काळी भोके दिसली होती. एडवर्ड बर्नार्ड यांनी अशा काळ्या ठिकाणांची यादी १९१९मध्ये छापली होती. पण ती भोके आहेत की पडदे, यावर एकमत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतले रॉबर्ट ट्रंपलर तारकागुच्छांची अंतरे दोन रीतींनी काढत होते, एकदा गुच्छाच्या आकारावरून आणि एकदा ताऱ्यांच्या तेजावरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. गुच्छ जितका दूर, तितका तो आकाराच्या मानाने अधिक मंद. ट्रंपलरनी निष्कर्ष काढला की प्रकाश वाटेत गिळला जातो आहे. आकाशगंगेतली अंतरे त्यामुळे नव्याने मोजावी लागली.

गिळणारे हे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात त्यांचा वाटा वजनाने जेमतेम एक टक्का, आणि घटक मुख्यतः कार्बन आणि सिलिकेटे. कण एवढे लहान असल्याने ते निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा कमी. थंडीतल्या संध्याकाळी कल्याणच्या खाडीवर धुरकट हवेतून मावळणारा सूर्य लालबुंद होतो, तसा धुळीमागचा तारा तांबूस होतो. एकूण किती मंदावला आणि किती तांबूस झाला, या दोहोंच्या गुणोत्तराला खगोलशास्त्रज्ञ ‘आर’ म्हणतात. आपल्या आकाशगंगेत त्याची सरासरी ३.१. कण बारीक असतील तर ‘आर’ लहान, जाड असतील तर मोठा. आणि एखादी धूळ सगळे रंग सारखेच गिळू लागली, तर तारा मंद होईल पण तांबूस होणार नाही. अशा राखाडी धुळीचा रंगावरून पत्ताच लागत नाही.

राखाडी धुळीकडे नेणारा विचार १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये एका वेगळ्याच प्रश्नासाठी सुरू झाला. फ्रेड हॉइल यांचे दोन तरुण विद्यार्थी तिथे होते. एक कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसहून आलेले जयंत नारळीकर, दुसरे कोलंबोचे चंद्रा विक्रमसिंघे. विक्रमसिंघे यांचा विषय धूळ. ताऱ्यांमधले कण ग्राफाइटचे असावेत हे हॉइल आणि त्यांनी १९६२मध्ये मांडले होते. नारळीकरांचा विषय विश्व. १९६४च्या हॉइल-नारळीकर सिद्धान्ताने ते जगभर आणि भारतात घरोघरी पोचले. पुढच्याच वर्षी पद्मभूषण झाले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

त्याच १९६५ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. महास्फोट मानणाऱ्यांना तो महास्फोटाच्या उष्णतेचा अवशेष वाटला. विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या हॉइल यांच्या गटाला त्याचे दुसरे स्पष्टीकरण देणे भाग होते. नारळीकर आणि विक्रमसिंघे यांनी १९६७-६८मध्ये ‘नेचर’मध्ये टिपणे लिहून धुळीकडे बोट दाखवले. ताऱ्यांचा प्रकाश धूळ गिळते, तापते आणि तीच ऊर्जा लांब लहरींच्या रूपात बाहेर टाकते. विश्वभर अशी धूळ असेल, तर ताऱ्यांच्याच उजेडातून हे प्रारण तयार होऊ शकेल.

अडचण कणांच्या आकाराची होती. गोल कण सूक्ष्मलहरींना जवळजवळ दाद देत नाहीत. पण प्रयोगशाळेत धातूची वाफ हळूहळू थंड केली की तिच्यातून लांब, बारीक सुया वाढू शकतात, हे माहीत झाले होते. सुमारे मिलिमीटरभर लांबीची आणि त्याच्या लाखाव्या हिश्शाइतक्या जाडीची लोखंडाची सुई सूक्ष्मलहरी उत्तम शोषते, आणि दृश्य प्रकाशाचे सगळे रंग जवळपास सारखेच अडवते. इतके लोखंड अवकाशात येणार कुठून, तर अतिनवताऱ्यांमधून. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी शिजतात याचे पायाभूत काम हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांनीच सहकाऱ्यांसह १९५७मध्ये केले होते. फुटलेल्या ताऱ्याची धातूयुक्त वाफ पसरता पसरता थंड होते. तिथे सुया तयार व्हाव्यात आणि दीर्घिकेबाहेर ढकलल्या जाव्यात, असा हा विचार.

नारळीकर १९७२मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईला आले, १९८८मध्ये पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र उभारू लागले. मधल्या काळात मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले, ही गोष्ट सर्वांना आठवते. धुळीच्या सुया मात्र त्यांनी सोडल्या नव्हत्या. १९९३मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी ‘अर्ध-स्थिर स्थिती’चे विश्व मांडले. ते दीर्घकाळ हळूहळू प्रसरण पावते आणि त्या ओघात सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरणही करते. त्या विश्वातले सूक्ष्मलहरींचे प्रारण आधीच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांच्या उजेडाचे, सुयांनी रूपांतरित केलेले.

आणि मग १९९८ उजाडले. ‘पहिला अ’ प्रकारचा अतिनवतारा हा श्वेत बटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या लहान, घट्ट ताऱ्याचा, स्फोट असतो. अशा स्फोटांचे कमाल तेज जवळपास ठरलेले असते, आणि तेज उतरण्याच्या वेगावरून ते आणखी नेमके करता येते. म्हणून त्यांच्यावरून अंतर मोजता येते. ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांचा एक गट, सॉल पर्लमटर यांचा दुसरा. दोघांनाही दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा सुमारे पाव प्रतीने, म्हणजे जवळपास एक पंचमांशाने मंद आढळले. त्यांनी काढलेला अर्थ असा की हे तारे वाटले त्याहून दूर आहेत. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्यामागे काही अज्ञात ऊर्जा आहे. तिलाच पुढे डार्क एनर्जी हे नाव रूढ झाले.

पण तारा मंद दिसण्याची कारणे दोन असतात: तो दूर असतो, किंवा मध्ये धूळ असते. ट्रंपलरचाच प्रश्न आता विश्वाच्या पातळीवर आला होता. दोन्ही गटांनी रंग तपासले होते आणि दूरचे तारे जवळच्यांहून तांबूस नव्हते. म्हणजे साधी धूळ नव्हती. राखाडी धुळीला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. १९९९मध्ये अँथनी अगिरे यांनी ही शंका स्वतंत्रपणे जाहीर मांडली. पुण्यात ती मांडायला नवे काही कल्पावे लागले नाही. सूक्ष्मलहरींसाठी आधीच कल्पिलेल्या सुया तयारच होत्या.

जून २०००च्या ‘ॲस्ट्रॉनॉमिकल जर्नल’मध्ये एस. के. बॅनर्जी, नारळीकर, विक्रमसिंघे, हॉइल आणि बर्बिज या पाच जणांचा लेख आला. अर्ध-स्थिर विश्वात सुयांची धूळ धरली, तर मंद अतिनवताऱ्यांची मोजमापे जुळतात, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी लागणारी धूळ अविश्वसनीय विरळ आहे: वीस लाख किलोमीटर बाजूचा घन घेतला, तर त्यात काही ग्रॅम. पण प्रकाशाला कोट्यवधी प्रकाशवर्षे चालायचे असते, तेव्हा तेवढीही पुरते. मला या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट त्याचा प्रामाणिकपणा वाटते. एका प्रश्नासाठी आधीच पुढे केलेली वस्तू, तेच आकारमान, तसाच विरळपणा, आणि ती दुसऱ्या प्रश्नाला लावून पाहिली. निकाल आल्यावर सोयीने जन्माला घातलेली ती पळवाट नव्हती.

तिची परीक्षाही झाली. राखाडी धूळ असेल तर जितके दूर जावे तितके तारे मंदच होत जायला हवेत. त्वरण असेल तर फार प्राचीन काळी विश्वाचे प्रसरण उलट मंदावत असणार, आणि तेव्हाचे अतिनवतारे तुलनेने उजळ दिसणार. हबल दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत सापडलेल्या एसएन १९९७एफएफ या ताऱ्याचा प्रकाश सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी निघालेला. रीस यांच्या गटाने २००१मध्ये दाखवले की तो उजळ आहे. पुढच्याच वर्षी नारळीकर, राम गोपाल विश्वकर्मा आणि बर्बिज यांनी तोही तारा हिशेबात धरून आपली बाजू मांडली. रीस यांच्याच गटाने २००४मध्ये असेही नमूद केले की सतत नवी भर पडणारी धूळ केवळ अतिनवताऱ्यांच्या आधारे बाद करता येत नाही. निर्णय शेवटी इतर पुराव्यांनी झाला. सूक्ष्मलहरींच्या नकाशातले बारीक चढउतार आणि दीर्घिकांच्या मांडणीतल्या खुणा महास्फोट आणि डार्क एनर्जी यांच्या बाजूने इतक्या नेमक्या जुळल्या की बहुसंख्य शास्त्रज्ञांनी सुयांचे विश्व मागे ठेवले. २०११चे नोबेल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळाले. नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटावर प्रश्न विचारत राहिले.

त्यांची विश्वाची प्रतिकृती टिकली नाही, असे मला वाटते. पुरावा तसाच आहे. धुळीबद्दलचा त्यांचा आग्रह मात्र टिकला, आणि पुढच्या पंधरा वर्षांत तो या क्षेत्राचा नित्याचा भाग झाला. दीर्घिकांबाहेर धूळ असते का, या प्रश्नाला २०१०मध्ये ब्रीस मेनार आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. क्वासार या अतिदूरच्या तेजस्वी वस्तूंपैकी सुमारे ८५ हजारांचा रंग त्यांनी वाटेतल्या कोट्यवधी दीर्घिकांशी ताडून पाहिला. दीर्घिकांपासून फार दूरवर धूळ पसरलेली आहे, असे निघाले. ती राखाडी नव्हती आणि विश्वाचे त्वरण खोटे ठरवण्याइतकीही नव्हती. पण दीर्घिकांमधली जागा स्वच्छ आहे हे गृहीतक तिने मोडले.

इतर दीर्घिकांच्या आतली धूळ मोजण्याच्या कामात महाराष्ट्राचा आणखी एक धागा आहे, नांदेडचा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले एम. के. पाटील, रायपूरचे एस. के. पांडे, डी. के. साहू आणि आयुकाचे अजित केंभावी यांनी २००७मध्ये २६ लंबवर्तुळी आणि तत्सम दीर्घिकांमधल्या धुळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा दीर्घिका गुळगुळीत असतात. धुळीचा पट्टा नसता तर तिथे किती उजेड असता हे काढता येते आणि कमी पडलेल्या उजेडावरून धूळ मोजता येते. त्यांना ‘आर’ २.०३ ते ३.४६ असा मिळाला, सरासरी ३.०२, म्हणजे आकाशगंगेच्या अगदी जवळ. या रीतीला मर्यादा आहे. धूळ ताऱ्यांच्या गर्दीत मिसळलेली असते. काही तारे तिच्या पुढे, काही मागे, आणि हिशेबात ते वेगळे काढता येत नाहीत.

अतिनवतारा ही अडचण सोडवतो. तो एक बिंदू असतो, स्वतःच्या दीर्घिकेशी स्पर्धा करण्याइतका तेजस्वी, आणि ‘पहिला अ’ प्रकारचा असेल तर त्याचा मूळ रंग माहीत असतो. फक्त तुलनेला एक निर्मळ तारा हवा. तो २४ ऑगस्ट २०११ला मिळाला. पालोमार वेधशाळेतल्या सर्वेक्षणाला एम १०१ दीर्घिकेत एसएन २०११एफई स्फोटानंतर काही तासांतच सापडला. त्या सर्वेक्षणाचे प्रमुख श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कुरुंदवाडचा. या ताऱ्याच्या वाटेत धूळ जवळपास नव्हतीच. तो कमाल तेजाला पोचला तेव्हा इकडे गणेशोत्सव चालू होता आणि पावसाळी आकाशात वायव्येकडे त्याला शोधणे कठीणच होते.

अडीच वर्षांनी एसएन २०१४जे आला. रेहमान अमानुल्ला आणि सहकाऱ्यांनी त्याचे तेज जंबुपारपासून अवरक्तापर्यंत दिवसामागून दिवस मोजून २०११एफईशी ताडले. दोन्ही तारे एकाच जातीचे. रंगांतला फरक धुळीचा. ‘आर’ निघाला सुमारे १.४, आकाशगंगेच्या निम्म्याहून कमी. नारळीकरांच्या सुया ज्या टोकाला होत्या त्याच्या नेमके उलटे हे टोक. त्या ताऱ्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरणही निळ्याकडे सर्वाधिक होते. फर्डिनांडो पाटाट आणि सहकाऱ्यांनी तशा आणखी काही अतिनवताऱ्यांत हेच पाहिले. कण सरासरीहून बारीक असावेत, असा त्याचा एक अर्थ. पुढे हबल दुर्बिणीला या ताऱ्याचे प्रकाश-प्रतिध्वनीही दिसले: स्फोटाचा उजेड धुळीच्या पडद्यांवरून परावर्तित होऊन उशिरा पोचतो आणि त्या पडद्यांची ताऱ्यापासूनची अंतरे सांगतो.

भारतातून हा तारा लडाखमधल्या हान्ले येथील दोन मीटरच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीने पाहिला. शुभम श्रीवास्तव, जी. सी. अनुपमा आणि सहकाऱ्यांचा लेख २०१६मध्ये आला. दुर्बिणीवर तेव्हा टिरस्पेक हे अवरक्त उपकरण नुकतेच बसले होते. ते मुंबईतल्या, कुलाब्याच्या टाटा संस्थेचे. नारळीकरांनी जिथे सतरा वर्षे काढली तीच संस्था. अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा सुखरूप निसटतो, त्यामुळे ताऱ्याचे खरे तेज आणि धुळीने केलेली घट वेगळी काढायला तोच उपयोगी. लेखकांच्या नावांत टाटा संस्थेचे डी. के. ओझा आहेत, आणि नांदेडच्या त्या धुळीच्या लेखातले डी. के. साहूही.

एवढे कमी ‘आर’ का, यावर अजून वाद आहे. कण खरोखर बारीक आहेत, की ताऱ्याभोवतीच्या पदार्थात प्रकाश पुनःपुन्हा विखुरल्याने तसे भासते? दीर्घिकेगणिक ‘आर’ वेगळा असेल, तर अंतरांचे हिशेबही दीर्घिकेगणिक दुरुस्त करावे लागतात. कुलकर्णींनी सुरू केलेल्या झ्विकी सर्वेक्षणाने २०२५च्या फेब्रुवारीत ३,६२८ जवळच्या ‘पहिला अ’ अतिनवताऱ्यांची माहिती खुली केली. पुढच्याच महिन्यात दीर्घिकांची मांडणी मोजणाऱ्या डेसी प्रकल्पाने, डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी, असे संकेत प्रसिद्ध केले. त्या संकेतांचे बळ कुठले अतिनवतारे जोडले यावर कमीजास्त होते, आणि अतिनवताऱ्यांमधल्या अनिश्चिततेचा मोठा वाटा धुळीचा आहे. २० मे २०२५ला नारळीकर पुण्यात गेले. दूरचे तारे मंद आहेत त्यात धुळीचा हिस्सा किती, यावर तेव्हाही नवे लेख येत होते.

ठाण्यापासून जवळच, पवईच्या आयआयटी मुंबईने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर हान्ले येथे ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८पासून चालवली आहे. ती स्वयंचलित आहे. झ्विकी सर्वेक्षणासारख्या प्रकल्पांकडून नव्या स्फोटाची सूचना येते आणि ती त्या दिशेला वळते. स्फोट ‘पहिला अ’ प्रकारचा निघाला, तर वेगवेगळ्या गाळण्यांतून त्याचा रंग रात्रीमागून रात्री मोजता येतो, आणि त्या रंगात तिथल्या धुळीचा हिशेब असतो.